देश बुडताना हसणारा माणूस

शेवटच्या भागात आख्खा देश समुद्रात जातो. काचेचे मनोरे, बँका, नाट्यगृहं, सगळं. सूट आणि गाऊन घातलेली माणसं होड्यांत बसून आपल्या किनाऱ्याकडे शेवटचं बघतायत, नायिकेच्या गालावरून पाणी ओघळतंय, मागे व्हायोलिन रडतंय, आणि तिच्या डाव्या खांद्यामागे तपकिरी सुटातला एक म्हातारा हसतोय. चुकून ओठ हलल्यासारखं नव्हे, तोंडभर. लेकीचं लग्न ठरल्यावर बाप हसतो तसं.

हा प्रसंग कुणाच्या घरी टीव्हीवर लागला की मी उठून पाणी प्यायला जाते. मी त्या मालिकेत दिग्दर्शकाची सेकंड असिस्टंट होते. म्हणजे चूक कुणाचीही असो, हाक मला. त्या हसण्यावरून मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी शाळा-कॉलेजात मिळूनही खाल्ली नव्हती. ज्यांच्यामुळे खाल्ली त्या बस्त्यावमामांना जाऊन आता काही महिने झाले. फोन करून भांडायचीही सोय राहिली नाही, याचा मला वेगळाच राग येतो.

बस्त्यावमामा भाईंदरजवळच्या उत्तनचे, ख्रिस्ती कोळी. घर अगदी किनाऱ्यावर. तरुणपणी मासेमारी केली, मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मामांनी दुसरा धंदा धरला: शूटिंगला माणसं पुरवायची. गर्दी लागली, वऱ्हाड लागलं, बाजार लागला की मामांना फोन. फोन उचलल्यावर ते काय हवंय हे न ऐकताच म्हणत, "मी हाय ना!" हे वाक्य ऐकलं की अनुभवी माणूस लगेच दुसऱ्या कुणाला तरी फोन लावून ठेवी. मी तेव्हा अनुभवी नव्हते.

आमची मालिका एका काल्पनिक श्रीमंत देशाची होती. समुद्र चढतो, देश राहण्याजोगा उरत नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांना व्हिसा नाकारणारी माणसं स्वतः दारोदार फिरतात, अशी कल्पना. कल्पना फार मोठी आणि पैसे फार थोडे. त्यामुळे संसदेचा सेट वरसाव्याजवळच्या एका स्टुडिओत लागला आणि देशाचा किनारा म्हणून उत्तन ठरलं. नागरिक कुठून आणायचे हा प्रश्न होता. श्रीमंत दिसले पाहिजेत, कपडे स्वतःचे पाहिजेत. मामा म्हणाले, "आमच्यात घराघरात सूट हाय बाय. बायकांचे गाऊन हायत. लग्नं का अशीच लावतो आमी?"

आणि खरोखर त्यांनी आख्खं गाव सुटाबुटात आणून उभं केलं. पण ते सूट प्रत्येकाच्या लग्नातले. ज्याचं लग्न ज्या काळात झालं त्या काळाची कॉलर, त्या काळाची पँट. पोटं आताची. सेटवर डांबरगोळ्यांचा असा वास सुटला की मेकअप करणारी मुलगी शिंकत बाहेर गेली. मामांनी स्वतः तपकिरी सूट घातला होता आणि कोटाला कागदाचं फूल लावलं होतं. मी म्हटलं, "मामा, फूल काढा. देशावर संकट आलंय."

"संकटाला काय फाटके कपडे घालून जातात?" मामा म्हणाले. फूल काढलं, खिशात ठेवलं, आणि मी पाठ वळवली की पुन्हा लावलं. दिवसभर आमचा हाच खेळ चालला.

मामांचा स्वभाव असा होता. भांडायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत, मान डोलवायचे आणि स्वतःच्या मनात होतं तेच करायचे. मध्ये बोलायचे मात्र भरपूर. कॅमेरामनला उन्हाचं सांगायचे, नायिकेला जेवणाचं सांगायचे, ड्रायव्हरला भाईंदरचा रस्ता सांगायचे, आणि तो रस्ता हटकून बंद असायचा. प्रत्येक गप्पेचा शेवट मात्र एकाच प्रश्नावर व्हायचा, "ते सगळं खरं गो, पन आमचं घर दिसंल ना?"

घराचं हे प्रकरण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. उत्तनला शूटिंगं नेहमीच होतात, आणि मामांचं घर समुद्रालगत, एकटं, म्हणून तेही घेतलं जातं. पण कशाकरता? एका मालिकेत ते स्मगलरचा अड्डा होतं. एकीत तिथे पळवून आणलेली मुलगी डांबली होती. एकीत भूत होतं. दर वेळी अंगणातल्या क्रुसावर गोणपाट टाकायचं, खिडक्यांना काळे पडदे लावायचे आणि पोलिसांनी येऊन दार फोडायचं. मामांच्या बायकोला, आग्नेसमामींना, बाजारात बायका चिडवायच्या, "काय गो, आज कुनाला डांबलं?"

मामा सांगत होते आणि मी हसत होते. मग ते म्हणाले, "आमच्या पुढं अजून घरं होती बाय. पयलं माज्या चुलत्याचं गेलं, मंग त्याच्या मागचं. दर पावसात दर्या आत येतोय. आता पयलं घर आमचं. हे बी जानार, मला म्हाईत हाय. पन जायच्या आदी येकदा, चांगल्या मानसांचं घर म्हनून दिसू दे. येवढंच."

मी म्हटलं, बघते. बघते म्हणणं सोपं असतं. पण खरं सांगायचं तर मला ते लागलं होतं, आणि मी मनातल्या मनात त्या घरासाठी जागा शोधायला लागले होते. मामांनीच ती जागा मिळू दिली नाही, हे पुढचं दुःख.

त्याआधी संसदेची भानगड झाली. वरसाव्याच्या सेटवर मोठा प्रसंग होता. पंतप्रधान जड आवाजात ठराव मांडतात की देश सोडावा, आणि सगळे खासदार एकेक करून हात वर करतात. मामा आणि त्यांची मंडळी खासदार झाली होती. टेक सुरू झाला. पंतप्रधान बोलले. हात वर गेले. मामांचा गेला नाही. मामांचा गेला नाही म्हणून त्यांच्या शेजारच्यांनी आपले खाली घेतले. त्यांचं पाहून मागच्या रांगेने घेतले. आख्ख्या उत्तनने हात खाली घेतले आणि ठराव पडला.

"कट!" सर ओरडले. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. "अंकल, हाथ ऊपर करना है!"

"सर, मेरा मन नहीं मानता," मामा उभं राहून म्हणाले. "जाने का क्यों? पहले पत्थर डालके बंधारा तो बनाओ!"

"अंकल, ये सीरियल है!"

"हां, तो सीरियल में तो बनाओ!"

मी धावत गेले. मामांच्या कानात सांगितलं, अहो, हा देश खोटा आहे, तुमच्या हात वर करण्याने कुणाचं काही जाणार नाही. मामा म्हणाले, "म्हाईत हाय गो." पुढच्या टेकला हात वर गेला, पण कोपरापर्यंतच. त्याच्या पुढच्या टेकला वर गेला आणि दुसऱ्या हाताने त्यांनी कपाळा-छातीवर क्रुसाची खूण केली. शेवटी त्यांना खांबामागे बसवलं तेव्हा कुठे तो देश सोडायला बहुमत मिळालं. सरांनी मला विचारलं, हा माणूस कुणी आणला? मी वर पंख्याकडे बघितलं.

आता घर. किनाऱ्यावरच्या शूटिंगसाठी जागा बघायला आम्ही उत्तनला गेलो तेव्हा मामांनी डाव साधला. प्रत्येकाला पाणी प्यायला, हात धुवायला, पंख्याखाली बसायला आपल्याच घरी न्यायचं. सरांनाही नेलं. आग्नेसमामींनी त्यांना कोळंबीचं कालवण वाढलं. सर हात धुवायला बाहेर आले आणि ओल्या हातांनी तसेच थबकले. समोर घराची भिंत. खाऱ्या वाऱ्याने रंग सोलवटलेला, एकाखाली एक जुने रंग डोकावतायत, दाराचं लाकूड पांढरं पडलेलं, चौकटीला बारीक मीठ.

"यही है," सर म्हणाले. "यही आख़िरी घर है."

मालिकेत एक म्हातारी न्यायाधीश असते. सगळा देश गेल्यावरही ती आपल्या जुन्या घरात राहते आणि अगदी शेवटी दाराला कुलूप लावून निघते. मालिकेतला सगळ्यात सुंदर प्रसंग. तो त्या घरात होणार होता. भूत नाही, स्मगलर नाही, देशातली सगळ्यात चांगली बाई. मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातलं कागदाचं फूल काढलं आणि ते हाताने सरळ करत बसले. मामी आत जाऊन डोळे पुसून आल्या. मी त्यांना बजावलं, जसं आहे तसं ठेवा, काही हलवू नका. निघताना पुन्हा सांगितलं. मीरा रोडला घरी पोचल्यावर फोन करूनही सांगितलं.

"मी हाय ना!" मामा म्हणाले.

शूटिंगच्या सकाळी आमच्या गाड्या उत्तनला वळल्या आणि मला लांबूनच ते दिसलं. पोपटी. आख्खं घर पोपटी, खिडक्या पांढऱ्या, दाराला चकचकीत तपकिरी तेलरंग, सुटाशी जुळणारा. अंगणातला क्रूसही रंगवला होता. दारात मामा उभे, कोटाला खरं फूल. त्यांच्या मागे मामी, गळ्यात सोन्याची माळ. दोघांच्या चेहऱ्यावर असं तेज की मला गाडीतून उतरवेना.

"मामा," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"सनाला रंगवतो, लग्नाला रंगवतो. आन आता तं सगळी दुनिया बगनार. पोपडे दाखवू? लोक काय म्हनतील, ती जजबाय अशा घरात ऱ्हायची?"

"मी सांगितलं होतं ना, काही हलवू नका!"

"काय बी हलवलं न्हाय. सामान जितल्या तितं हाय. बग आत येऊन."

सर गाडीतून उतरले, घराकडे पाहिलं आणि परत गाडीत बसले. काच वर केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने काच जराशी खाली आली आणि मला निरोप मिळाला की तो प्रसंग आता वरसाव्याला सेट लावून होईल. तसाच तो झाला. रंगाऱ्यांनी प्लायवुडची कोरी भिंत उभी केली, आधी रंगवली, मग पत्र्याने खरवडून तिचे पोपडे काढले. मामा ते बघायला मुद्दाम आले होते. बराच वेळ मागे हात बांधून उभे राहिले आणि मला म्हणाले, "येड लागलंय सगळ्यांना."

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. एका माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी असावी, ती ताटात वाढून यावी, आणि त्याने ती आपल्याच हाताने रंग फासून घालवावी! रात्री घरी आईला हे सांगताना मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

राहिला होता तो होड्यांचा प्रसंग, मामांच्या घरासमोरच्या वाळूवर. सरांनी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली, "वो हरा रंग मेरे फ्रेम में नहीं चाहिए." म्हणून कॅमेरा मामांच्या अंगणाच्या कठड्यापाशी लावला, पाठ घराकडे, तोंड समुद्राकडे. नागरिकांनी घाबरून, धडपडत होड्यांत चढायचं, होड्या थोड्या आत जायच्या, आणि सगळ्यांनी मागे वळून आपल्या देशाकडे बघत रडायचं.

"ॲक्शन" झालं. उत्तनकरांनी बूट काढून हातात घेतले, सुटाच्या पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, बायकांनी गाऊन खोचले, आणि काही कळायच्या आत सगळे होड्यांत. एकही धडपडला नाही. दोघांनी मागून होडी लोटली, लाटेचा अंदाज घेतला आणि हलकेच उडी मारून आत बसले. एका बाईने नायिकेला लहान मुलासारखं काखेत धरून वर घेतलं. जन्मात होडी न पाहिलेले श्रीमंत लोक!

"गिरो!" सर कर्ण्यातून ओरडले. "कोई तो गिरो!"

कुणी पडेना. मी मामांना म्हटलं, सांगा तुमच्या लोकांना. मामांनी खूप समजावलं, पण मंडळी ऐकेनात. गावासमोर होडीत चढताना पडायचं? पोराबाळांच्या लग्नात त्याची गोष्ट सांगतील लोक. शेवटी मामा म्हणाले, "मी हाय ना," आणि पडले. खरंच पडले, कारण गुडघे खरंच गेले होते. तपकिरी सूट पाण्याखाली गेला आणि होड्यांतले सगळे नागरिक, गाऊनवाल्या बायांसकट, त्यांना काढायला पाण्यात उतरले. देश सोडणारी माणसं परत किनाऱ्याला लागली. पुन्हा सगळ्यांना सुकवून उभं करेपर्यंत पाणी ओसरायला लागलं होतं.

शेवटचा टेक मिळाला. चढणं कसंबसं जमलं. होड्या आत गेल्या. ऊन हवं तसं तिरकं आलं, नायिकेला खरं रडू आलं, सगळे वळले, किनाऱ्याकडे बघायला लागले. आणि तिच्या खांद्यामागे, ओल्या सुटात, मामा हसले. मॉनिटरवर ते दिसलं तेव्हा पाणी गेलं होतं, ऊन गेलं होतं, होड्या वाळूला टेकल्या होत्या. संकलन करणाऱ्याने पुढे नाना प्रयत्न केले. नायिकेचे अश्रू हवेत तर मामांचं हसू घ्यावंच लागत होतं.

मी मामांना विचारलं, ओरडूनच विचारलं, "हसलात का?"

"हसलो?" मामा म्हणाले. "न्हाय गो."

मालिका आली. काही लोकांनी त्या हसण्यात फार खोल अर्थ शोधला आणि सर मुलाखतींत, ते आपणच सुचवलं होतं, असं सांगू लागले. घर अर्थातच कुठेही नव्हतं. मामांनी सगळे भाग पाहिले, शेवटपर्यंत पाहिले, आणि मला फोन करून एवढंच विचारलं, "कापलं काय गो?" मी म्हटलं, मामा, घेतलंच नव्हतं. "हां हां," ते म्हणाले. "इसरलो."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात उधाणाने मामांच्या घराचा कठडा आणि अर्धं अंगण नेलं. मामी भाईंदरला, जेसल पार्कमध्ये लेकीकडे गेल्या. मामा हलेनात. मामींचा मला फोन आला, "तू ये बाय. शूटिंगवाल्यांचं ऐकतो तो." मामांनी शूटिंगवाल्यांचं कधी ऐकलं होतं हे मला विचारायचं होतं. पण मी गेले.

टेम्पो उभा होता. सामान चढलं होतं. जावई घड्याळ बघत होता. मामा तपकिरी सुटात, पाण्यात भिजून आखडलेल्या, बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. मोबाईलात शूटिंग कर. घराचं."

"मामा, टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे. पूर्ण घर येऊ दे. मागं जा."

मी मागे गेले. अजून मागे, म्हणाले. वाळूवर गेले. अजून. मग त्यांनी मला थांबवलं, आत जाऊन खिडक्या उघडल्या, एक पडदा सरळ केला, दारातली चप्पल बाजूला केली, क्रूस हाताने पुसला, परत आले. अजून मागे. माझे पाय पाण्यात गेले, सलवार भिजली. मी वैतागून म्हटलं, तुम्ही तरी दारात उभे राहा, लवकर आटपू.

"मी कशाला? मी हाय त्या पिक्चरमदी. घर न्हाय." पँट दुमडून ते माझ्या मागे पाण्यात येऊन उभे राहिले. "आता घे. हात हलवू नको गो."

मी घेतलं. अर्धं अंगण तुटलेलं, पोपटी रंगावर मिठाचे ओघळ, उघड्या खिडक्या, वाऱ्यावर हलणारा पडदा. आख्खं घर मावत होतं. तिथूनच मावत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी होड्या नेमक्या इथेच होत्या. सगळ्यांना सांगितलं होतं, मागे वळून आपल्या देशाकडे बघा. कॅमेऱ्याच्या पाठीमागे काय आहे हे आमच्यापैकी कुणी वळून पाहिलं नव्हतं.

मी वळले. मामा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते, आणि हसत होते. तेच हसू, तोंडभर, गुडघाभर पाण्यात. शॉटची वाट लावणारं हसू. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि वळण्याच्या नादात शूटिंग हललंच.

"काय गो," मामा म्हणाले, "घर दिसलं ना?"